पेटीतली अफू आणि पाळण्यातली गोळी

दिवाळीच्या फराळात अनारशाला जो मान आहे तो त्याच्या जाळीमुळे जितका, तितकाच त्याच्या अंगावरच्या खसखशीमुळे. अनारसा तळताना खसखशीची बाजू वर ठेवावी आणि तो उलटू नये, एवढे शास्त्र घरोघरच्या सुगरणीला ठाऊक असते. पण ही खसखस ज्या बोंडातून निघते त्याच बोंडाला चिरा पाडून अफू काढतात, असे सांगितले की पुष्कळांचा घास हातातच राहतो. घास खाली ठेवण्याचे काही कारण नाही. अफू असते ती हिरव्या बोंडाच्या सालीतल्या चिकात. बोंड वाळून बी पिकते तेव्हा त्या बियांत नाव घेण्याजोगा कैफ उरत नाही. आखाती देशांत मात्र काही ठिकाणी खसखशीलाही बंदी आहे. दुबईला लेकाकडे निघालेल्या आयांनी फराळाच्या डब्यातून ती वगळावी हे बरे.

अफूचा इतिहास सांगणारे बहुधा चीनच्या युद्धापासून प्रारंभ करतात आणि हाँगकाँग इंग्रजांच्या हाती गेले येथे येऊन थांबतात. मुंबईच्या बंदरातून पेट्या भरभरून बाहेर गेलेली अफू त्या इतिहासात येते. पण त्याच मुंबईत परळ-लालबागच्या चाळींत तान्ह्या मुलांच्या तोंडात गेलेली अफू त्यात येत नाही. ती आरोग्याच्या आणि कामगारांच्या अहवालांत, निराळ्या कपाटात पडलेली असते. ही दोन कपाटे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत असे मला बरेच दिवस वाटत होते. आमच्या घराचा गिरणगावाशी संबंध होता, हेही त्याचे एक कारण आहे. त्याविषयी पुढे सांगेन.

आधी ही वस्तू करते काय, ते पाहू.

खसखशीचे पीक थंडी सरता सरता तयार होते. फुलाच्या पाकळ्या गळून पडल्या, की हिरव्या बोंडावर बारीक टोकांच्या हत्याराने उभ्या चिरा देतात. त्यातून पांढरा चीक पाझरतो, रात्रभरात तपकिरी होऊन घट्ट बसतो आणि सकाळी तो खरवडून घेतात. हीच कच्ची अफू. चरक-सुश्रुतांना ती माहीत नव्हती. पुढच्या काळातल्या शार्ङ्गधरसंहितेत मात्र ती 'अहिफेन' या नावाने भेटते. अहिफेन म्हणजे सापाचा फेस. हे सोंग मोठे मजेचे आहे. मूळचा ग्रीक 'ओपियॉन', म्हणजे रस, अरबांच्या तोंडी 'अफ्यून' झाला आणि आमच्या पंडितांनी त्याला संस्कृतचे उपरणे घातले. पण शार्ङ्गधराने नाव उसने घेतले तरी निरीक्षण स्वतःचे केले. जे द्रव्य आधी सर्व शरीरात पसरते आणि मग पचते त्याला तो 'व्यवायी' म्हणतो, आणि त्याची उदाहरणे देतो ती भांग आणि अफू. प्रयोगशाळा नसताना केलेले हे वर्णन आजही खोडून काढावे असे नाही.

अफूतले मुख्य सत्त्व मॉर्फिन. सेर्त्युर्नर नावाच्या जर्मन औषधकाराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते वेगळे काढले. ते वेदना थांबवते, खोकला दाबते आणि जुलाब बांधते. पटकी आणि हगवण यांनी गावेच्या गावे बसत होती त्या काळी या तीन गुणांची किंमत किती असेल, याची कल्पना आज येणार नाही. हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेच्या एका डॉक्टरने पटकीवर काढलेले क्लोरोडाइन नावाचे औषध पुढे घरोघरी शिरले. त्यातही अफूचा अर्क होता. आजही कर्करोगाच्या शेवटच्या दुखण्यात मॉर्फिनच्या तोडीचे औषध थोडेच आहे. आपल्याकडे १९८५ च्या कडक कायद्यानंतर ते इस्पितळांनाही मिळणे दुरापास्त झाले. जो देश सरकारी परवान्याने अफू पिकवतो त्याच देशात माणसे वेदनेने तळमळत होती, आणि २०१४ साली कायदा दुरुस्त होऊन वाट थोडी मोकळी झाली. तेव्हा अफूला सरसकट विष म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही.

गोम आहे ती पुढेच. आपल्या मेंदूत काही कुलपे अशी आहेत की त्यांना अफूची किल्ली बसते. ती १९७३ साली सापडली. मग साहजिक प्रश्न आला की माणसाच्या मेंदूत अफूची कुलपे कशासाठी? दोनच वर्षांनी उत्तर मिळाले: शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्ये थोडी थोडी बनवीत असते. दुखले-खुपले तरी माणूस तग धरतो, तो त्यांच्याही बळावर. बाहेरून रोज अफू येऊ लागली, की मेंदू आपला कारभार त्या आयत्या पुरवठ्याच्या हिशेबाने बसवतो. कालच्या मात्रेने आज भागत नाही, म्हणून ती वाढवावी लागते. आणि एक दिवस ती चुकली, की सगळे उलटे होते. जांभया येतात, नाका-डोळ्यांतून पाणी वाहते, अंगावर काटा उभा राहतो, पोटात मुरडा होतो, जुलाब लागतात, झोप उडते. अफूने जे जे दाबले होते ते ते उसळून वर येते. तेव्हा तलफ म्हणजे पुष्कळदा सुखाची ओढ उरलेलीच नसते. ती या हालांची धास्ती असते. यापेक्षाही मोठा धोका श्वासाचा. मात्रा जास्त झाली की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास मंदावतो आणि माणूस झोपेतच जातो. सवय झालेल्याला जी मात्रा पचते ती नवख्याचा जीव घेते. तान्ह्या मुलाला तर कणभरही पुरे. त्याचे यकृत आणि श्वास, दोन्ही कच्चे असतात.

आता माळव्याकडे वळू.

बंगाल-बिहारात अफू म्हणजे कंपनी सरकारचा मक्ता होता. शेतकऱ्याला उचल द्यायची, ठरल्या भावाने चीक घ्यायचा आणि कलकत्त्याला लिलाव करायचा. पश्चिमेकडे तसे जमेना, कारण माळव्याची अफू पिकत होती शिंदे-होळकरांच्या आणि राजपूत संस्थानिकांच्या मुलखात. १८१८ नंतर कंपनीने हा व्यापार आवळण्याचे नाना प्रयत्न केले, संस्थानिकांशी करार केले. होळकरांनी करार केला, शिंद्यांनी केला नाही. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत पेशवाई बुडाली की मराठ्यांचा प्रतिकार संपतो. पण उज्जैन-इंदूरच्या सावकारांनी, उंटवाल्यांनी आणि संस्थानी अंमलदारांनी मिळून कंपनीला पुढे बारा वर्षे जेरीस आणले, हा भाग त्यांत नसतो. माल राजपुताना आणि जेसलमेरच्या वाळवंटातून लांबचा वळसा घेऊन कराचीला निघे आणि तेथून पोर्तुगीजांच्या दमणला. अखेर कंपनीने हात टेकले. १८३० च्या सुमारास तिने मुंबईची वाट उघडून दिली आणि पेटीमागे परवान्याची फी घ्यायला सुरुवात केली. १८४३ साली सिंध इंग्रजांकडे गेला आणि कराचीची वाट बंद झाली. मग काय विचारता! फी चढत चढत १८४७ पर्यंत पेटीमागे ४०० रुपयांवर गेली. पेटी सुमारे १४० पौंडांची. सरकारच्या तिजोरीत शेतसाऱ्याखालोखाल उत्पन्न देणाऱ्या बाबींत मिठाच्या जोडीला अफू जाऊन बसली.

या व्यापाराने मुंबई घडवली असे म्हणतात. अमर फारुकी यांनी तर मुंबईला अफूचे शहर म्हणून त्यावर एक आख्खे पुस्तक लिहिले. मला हे विधान पूर्वी जरा चढवलेले वाटे. पण हिशेब पाहिले की वाद घालण्याचे धाडस होत नाही. या धंद्यात कोण नव्हते? पारशी होते, गुजराती जैन होते, कोकणी मुसलमान होते, मूळ गोव्याकडचे ख्रिस्ती होते. जातीपातीचा विटाळ न मानणारा असा धंदा त्या काळी दुसरा दाखवणे कठीण.

त्यांच्यातले सर्वांत मोठे नाव जमशेटजी जिजीभाईंचे. १७८३ चा जन्म, लहानपणीच पोरके झालेले, मामाच्या आणि पुढे सासऱ्याच्या नात्याने आधार देणारे फ्रामजी रिकाम्या बाटल्यांचा धंदा करीत म्हणून 'बाटलीवाला'. १८०५ साली चीनच्या सफरीवर असता त्यांचे जहाज फ्रेंचांनी पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता. संकटात झालेली ही ओळख जन्मभर टिकली. जार्डिनने पुढे कँटनमध्ये सर्वांत मोठी पेढी काढली आणि मुंबईहून तिला अफू व कापूस पुरवणारे मुख्य अडते झाले जमशेटजी. १८४२ साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली, १८५७ साली ते बॅरोनेट झाले. भायखळ्याचे इस्पितळ, कलाशाळा ही त्यांची दाने आपणांस रोज दिसतात. माहीमची खाडी ओलांडताना बोटी बुडून माणसे मरत म्हणून त्यांच्या पत्नी अवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि १८४५ साली पूल झाला. मी या माणसाला दांभिक म्हणणार नाही. दानत खरी होती. ज्या धंद्यातून पैसा आला तो त्या काळच्या कायद्याने आणि चालीने उजळ माथ्याचा होता, आणि त्याचे परिणाम दीड-दोन महिन्यांच्या समुद्रप्रवासापलीकडे घडत होते. दूरचे हाल डोळ्यांना दिसत नाहीत.

चीनच्या बादशहाला ते दिसत होते. त्याने पाठवलेल्या लिन झेशू या अधिकाऱ्याने १८३९ च्या जूनमध्ये इंग्रज व्यापाऱ्यांकडून ताब्यात घेतलेल्या २०,००० हून जास्त पेट्या मीठ-चुन्याच्या पाण्यात कालवून समुद्रात सोडल्या. त्यांत मुंबईकरांचाही माल होता, आणि भरपाईसाठी मुंबईच्या पेढ्यांनीही तगादा लावला. युद्ध झाले. १८४२ च्या तहात हाँगकाँग गेले, दंड बसला आणि बुडवलेल्या अफूची किंमतही चीनकडूनच वसूल झाली. हा न्याय मुंबईत कोणाला विपरीत वाटला असेल तर त्याचा आवाज फारसा ऐकू आला नाही. पुढच्या पिढीत तो ऐकू आला, आणि तो पारशी समाजातूनच. इंग्लंडात जी वस्तू खुलेआम विकण्याची सूचना करण्याची कोणा मुत्सद्द्याची छाती नाही, ती चीनच्या गळी उतरवून हिंदुस्थानचा खर्च भागवायचा, यावर दादाभाई नौरोजींनी इतके कठोर लिहिले आहे की एरवीच्या त्यांच्या आकडेमोडीत ती पाने वेगळी उठून दिसतात.

चीनचा व्यापार १९०७ च्या करारानंतर आटत गेला आणि १९१३ साली बंद झाला. तोवर अफूचा आणि कापसाचा नफा गिरण्यांच्या धुराड्यांत केव्हाच शिरला होता. १८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापड गिरणी निघाली. शतक संपण्याआधी परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी हा सगळा टापू भोंग्यावर उठू-बसू लागला. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर येथून माणसे आली आणि त्यांच्या मागोमाग बायकाही आल्या. १९२० च्या सुमारास गिरणीतल्या पाच कामगारांत जवळजवळ एक बाई असे. वाइंडिंग आणि रिळिंग ही त्यांची खाती, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी ती नायकीण. १८९१ च्या कायद्याने बायकांचे काम दिवसाला ११ तासांवर आणले होते. 'आणले' हा शब्द वाचकांनी नीट वाचावा. ११ तास ही सवलत होती.

दहा फुटी खोली, तीत एकाहून अधिक बिऱ्हाडे, म्हातारी सासू गावी शेत राखायला. अशा घरात तान्हे मूल अकरा तास कोणाच्या जिवावर ठेवायचे?

येथे बाळागोळी आली. आपल्या घरांत बाळाला उगाळून देतात ती बाळगुटी निराळी. ती हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ यांची. दोन वेढे द्यायचे की चार, यावर सासू-सुनेचे वाद होतात एवढाच तिचा उपद्रव. बाळागोळीत मुख्य वस्तू अफू. मोहरीएवढी गोळी सकाळी भोंग्याआधी मुलाच्या तोंडात घालायची, की ते दुपारपर्यंत हूं की चूं करीत नसे. अफू सरकारी परवान्याच्या दुकानात मिळे. बेकायदा असे काही त्यात नव्हते.

ही चाल गिरण्यांनी निर्माण केली असे मात्र नाही. गुजरात, माळवा, राजपुताना, खानदेश या भागांत मुलांना अफूचा कण देणे जुनेच होते. दात येताना देत, हगवण लागली तर देत, पेरणीच्या दिवसांत आई शेतावर जाई तेव्हाही देत. गिरणीने त्या क्वचितच्या चालीला रोजचा भोंगा लावला. इंग्लंडातही तसेच घडून गेले होते. मँचेस्टर-नॉटिंगहॅमच्या कामकरी बायका 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचे काकवीतले अफूचे पाणी मुलांना पाजीत. तिकडे १८६८ साली विष विकण्यावर कायद्याने निर्बंध आला. कापडाचे यंत्र लँकेशायरहून मुंबईला आले, त्याबरोबर हे शहाणपण यायला काही हरकत नव्हती.

ते येण्याची एक संधी चालूनही आली होती. विलायतेत अफूविरोधी मंडळींनी फार गिल्ला केल्यावर १८९३ साली लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग नेमला गेला. त्याने सातशेहून अधिक साक्षी घेतल्या, मुंबईतही बैठका केल्या, आणि १८९५ साली जाड जाड खंडांत निकाल दिला की हिंदुस्थानात अफूचा सर्वसाधारण वापर माफक आहे आणि बंदीची गरज नाही. हेन्री विल्सन या एका सभासदाने भिन्नमत नोंदवले. मी त्या खंडांवर बरेच दिवस घालवले आहेत. साक्षीदार कोण? कलेक्टर, लष्करी डॉक्टर, संस्थानिकांचे कारभारी, अफूचे व्यापारी, जमीनदार. त्यांतले पुष्कळजण प्रामाणिक होते आणि त्यांनी पाहिले ते सांगितले. कसुंब्याचा पेला घेऊन खुशाल नव्वदी गाठलेला ठाकूर त्यांनी पाहिला होता, आणि तोही खराच होता. रोजची ठरलेली थोडी अफू खाऊन सुखाने जगणारी माणसे असतात. त्यांच्या घरी दूध-तुपाची ददात नसते आणि मात्रा चुकायची वेळ कधी येत नाही. मुलांना गोळी देण्याचा विषयही आयोगापुढे निघाला. जुनी चाल आहे, क्वचित अपघात होतो, एवढ्यावर तो मिटला. तान्ह्या मुलाला साक्षीला बोलावता येत नाही. त्याच्या आईला बोलावता आले असते.

त्याच वर्षी गांजा-भांगेसाठी दुसरा आयोग बसला होता. त्याच्याविषयी माझे मत बरेच चांगले आहे. मॅकवर्थ यंग यांच्या त्या आयोगाने जवळजवळ १२०० साक्षी घेतल्या; पण खरी कमाल केली ती वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरे तपासून. 'गांजाने वेड लागले' अशी शेकडो नोंद होती. एकेक नोंद उकरल्यावर दिसले, की रोग्याला पकडून आणणाऱ्या शिपायाला कारण माहीत नसले की रकाना भरण्यासाठी 'गांजा' लिहिला जाई. माफक सेवनाने सहसा अपाय नाही, अतिरेकाने आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. अफूच्या आयोगाने परळमधल्या दहा खोल्यांची अशी झडती घेतली असती, तर निकाल काय लागता याची मला उत्सुकता आहे.

ती झडती पुढे सत्तावीस वर्षांनी एका बाईने घेतली. डॉ. बार्न्स या बाईंना मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी नेमले, आणि त्यांचा वृत्तांत १९२२ साली 'लेबर गॅझेट'मध्ये आला. गिरणीकाम करणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी शंभरात अठ्ठ्याण्णव अफूवर वाढत होती. अठ्ठ्याण्णव! म्हणजे न देणारी आईच अपवाद. हा आकडा वाचून त्या वेळच्या भद्र समाजाला धक्का बसला आणि 'अडाणी आया' हा शब्द वर्तमानपत्रांत व व्याख्यानांत फार चालू लागला. त्याआधीच्या वर्षी, १९२१ साली, मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ बालमृत्यू झाले होते. हा आकडा जपून वाचावा लागतो, कारण पुष्कळ बाया बाळंतपणाला गावी जात. मूल जन्माला यायचे कोकणात आणि मरायचे मुंबईत, त्यामुळे हिशेब फुगे. शिवाय सगळे मृत्यू अफूचे नव्हते. पटकी, देवी, हिवताप, कोंदट खोल्या होत्याच. पण अफूने या सगळ्यांना आतून दार उघडून दिले, असे म्हणता येईल. गुंगीतले मूल भुकेने रडत नाही. ते न रडल्यामुळे त्याला पाजले जात नाही. ते सुकत जाते, त्याचा कोठा बांधतो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात साध्या तापाने जाते. दाखल्यावर 'ताप' लिहितात.

यात एक फसगत अशी आहे की ती कळली म्हणजे आईला अडाणी म्हणवत नाही. सुटीच्या दिवशी गोळी चुकली तर मूल किरकिरे, शिंका देई, त्याचे पोट दुखे, जुलाब होत, ते थरथरे. ही अफू सुटल्याची लक्षणे, हे आज आपण जाणतो. आई पाही ते एवढेच, की मूल आजारी आहे. गोळी दिली की घटकाभरात शांत होते. मग गोळी औषधच ठरली! हातातल्या पुराव्यावरून तिने काढलेला निष्कर्ष तर्काला सोडून नव्हता. आणि दुकानातली अफू कधी निर्भेळ, कधी मिसळीची. मोहरीएवढ्या गोळीत आज किती ताकद आहे हे सांगणार कोण? एखाद्या सकाळी मूल जागे होत नसे. अशा मुलाला पोटाशी धरून गिरणगावातली आई ज्या इस्पितळांकडे धावत असेल त्यांतले जवळचे एक म्हणजे भायखळ्याचे जमशेटजींचे.

माझी आजी साताऱ्याकडची. १९३० च्या आगेमागे ती परळच्या एका गिरणीत रिळिंग खात्यात होती. बाळागोळीचा विषय निघाला की ती नेहमी 'शेजारणीची' गोष्ट सांगे. शेजारीण कोण, हे विचारण्याची आमच्या घरात रीत नव्हती. एकदा मी कॉलेजात शिकत असताना अंगात नवे पाणी होते म्हणून म्हणाले, "आजी, पण त्या बाईला कळत नव्हतं का गं?" आजीने सुपातले तांदूळ खाली ठेवले. "कळत हुतं की. गोळी दिली तर प्वार निजतंय, न्हाई दिली तर खाडा हुतोय. दोन खाडं झालं की नायकीण नाव काढती. मग समद्यांनीच उपाशी निजायचं. तू सांग, काय केलं आसतंस?" तिने उत्तराची वाट पाहिली नाही आणि पुन्हा सूप हाती घेतले. तिची पाच मुले झाली, तीन जगली.

बार्न्सबाईंच्या वृत्तांताचा एक परिणाम झाला: बाळंतपणाची रजा हा कायदेमंडळाचा विषय बनला. १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना आईला मिळणारी विश्रांती ही साऱ्या राष्ट्राच्या हिताची बाब आहे असे मांडले. १९२९ चा मुंबईचा कायदा हा देशातला असा पहिलाच. बाळंतपणाआधी तीन आठवडे आणि नंतर चार आठवडे, रोजी आठ आणे. मूल महिन्याचे झाले की पुन्हा भोंगा. म्हणजे गोळीची गरज संपली नाही, चार आठवड्यांनी लांबली. काही गिरण्यांनी पाळणाघरे काढली. बाया प्रथम तिकडे फिरकेनात: परक्या जातीची आया, दृष्ट लागण्याची भीती, आणि आत घेतलेले मूल आपले नाव गिरणीच्या वहीत आणखी एका ठिकाणी चढवते ही धास्ती. हळूहळू त्या जाऊ लागल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने ५० हून अधिक बाया असतील तेथे पाळणाघर सक्तीचे झाले. पुढे हा आकडा ३० वर आला. १९४९ साली केंद्र आणि प्रांत सरकारांनी औषधाखेरीज अफूचा वापर दहा वर्षांत संपवण्याचे ठरवले, आणि नोंदलेले व्यसनी वगळता १९५९ साली दुकानांतली विक्री बंद झाली. बाळागोळी गेली. पण तोवर गिरणीतल्या बायाही चालल्या होत्या. रात्रपाळीला बायांना बंदी, नवी यंत्रे, आणि रजेचा खर्च नको म्हणून नव्या बाईला कामावर न घेण्याचा धोरणी शहाणपणा, यांमुळे १९७० च्या दशकात गिरण्यांत शंभरात मोजक्याच बाया राहिल्या. आजीचे खाते त्याआधीच उठले होते.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप झाला आणि गिरणगावच बसले. त्याच दशकात मुंबई-पुण्यात गर्द आली. गर्द किंवा ब्राउन शुगर म्हणजे अशुद्ध हेरॉइन. हेरॉइन मॉर्फिनपासून बनते, मॉर्फिन अफूपासून. १८९८ साली बायर कंपनीने ते खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले होते, हे आज खरे वाटत नाही. चांदीच्या कागदावर पूड तापवून तिचा धूर ओढणाऱ्या मुलांना पहिले काही दिवस वाटे की हे नुसते धुराचे आहे, सुईचे नाही, म्हणजे सुटेल. मेंदूतली कुलपे तीच होती. किल्ली मात्र अधिक झटपट फिरणारी होती.

२९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी त्याला पैशाचे पाठबळ दिले, आणि अनिल अवचटांनी या पुडीवर लिहिलेले 'गर्द' हे पुस्तक घरोघरी वाचले गेले. तेथे येणाऱ्या मुलाचे पहिले आठ-दहा दिवस जांभयांत, उलट्यांत, अंगावरच्या काट्यात जातात. त्या दिवसांत त्याला कोणी उपदेश करीत नाही, कारण तेव्हा तो ऐकण्याच्या स्थितीत नसतो. आणि मग त्याच्याइतकेच त्याच्या घरच्या माणसांनाही, बहुधा आईला किंवा बायकोला, बसवून घेऊन घरात काय काय झाले ते विचारतात.